सुनेने कॅमेऱ्यात बघू नये

३ मे, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद असावी म्हणून. पुढेमागे कुणी विचारलं, की सेइल्खान, हे सगळं तू एकट्याने कसं केलंस, तर पानं उघडून दाखवता येतील. तोपर्यंत कुणाला दाखवायची नाही. काम्शातला तर नाहीच. बायको वाचायला लागली की रोजनिशी राहत नाही, तक्रारवही होते.

काम असं. धाकट्याचं, एर्किनचं, लग्न नुकतंच झालं. शूटिंग मी केलं. बाजारातला रिनात स्टुडिओवाला घरी खेटे घालत होता, पण मी त्याला स्पष्ट सांगितलं, बाबा रे, अख्खी नोकरी मी संस्कृती भवनात प्रोजेक्टर चालवण्यात काढली. सिनेमा काय असतो ते मला नको सांगूस. तो म्हणाला, काका, प्रोजेक्टर चालवणं वेगळं. मी म्हणालो, हो, ते जास्त अवघड.

आता एडिटिंग, मग डीव्हीडी. विहीणबाईंना शब्द दिलाय. आपल्या कझाक रीतीने मुलीची आई वऱ्हाडाबरोबर येत नाही. म्हणजे इकडे आमच्या नव्या सुनेचा, मार्झानचा, बेताशार म्हणजे पदर काढायचा विधी झाला आणि तिकडे किझिलोर्दात रौशान विहीणबाई स्वयंपाकघरात बसून राहिल्या. लेकीच्या तोंडावरचा पदर कसा बाजूला झाला, ती सासरच्या कुणाकुणाला कशी वाकली, काहीच त्यांनी पाहिलेलं नाही. फोनवर रडल्या. मी म्हणालो, विहीणबाई, अजिबात रडायचं नाही. वीस जूनला सुनेला पहिल्या माहेरपणाला घेऊन येतोय, तेव्हा सगळं तुमच्या डोळ्यांसमोर उभं करतो. फक्त मोठा टीव्ही तयार ठेवा.

आठवड्याभरात आटपेल. उरलेल्या वेळात कुंपण रंगवीन.

५ मे, बुधवार

सगळं फुटेज पाहिलं. हात स्थिर, रंग छान. दोन-चार ठिकाणी माझं बोट आलंय, पण ते मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

बेताशार तर अप्रतिम. दोंब्रावाला तारा छेडत, गात गात सासरच्या एकेका माणसाचं नाव घेतोय आणि त्या त्या नावाला पातळ पदराआडून मार्झान खाली वाकून सलाम करतेय. एकच शॉट वाया गेला. सुरुवातीला घराण्यातल्या सगळ्यांत थोरल्या कासिम आजोबांना सलाम झाला आणि ही पोरगी वळली ती थेट कॅमेऱ्याकडे. आणि वाकली. चक्क लेन्सला! मी तेव्हा झूम जुळवत होतो, दचकलोच. नवख्यांचं हे असंच, कॅमेरा दिसला की त्यात बघायचं. संस्कृती भवनात इतके सिनेमे दाखवले, एकाही नायिकेने कधी वर माझ्या खोलीकडे बघितलं नाही.

तो शॉट कापणार. मार्झानला बोलणार नाही. नवीन आहे, शिकेल.

७ मे, शुक्रवार

बाजारातून एडिटिंगचं सॉफ्टवेअर आणलं. विकणाऱ्याने विचारलं, काका, सोबत शिकवणीची सीडी देऊ? मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

बसवलं. उघडलं. वर चित्राची पट्टी, खाली आवाजाची. त्यात न कळण्यासारखं काय आहे? पहिल्याच बैठकीत तो खराब शॉट उडवला. एक क्लिक, शॉट गायब, मागचं सगळं चित्र सरकून पुढे आलं. फट नाही की काही नाही. खालच्या आवाजाच्या पट्टीला हात लावला नाही. आवाजात कुठे काय खराब होतं?

प्रोजेक्ट सेव्ह केला आणि थक्क झालो. अख्खं लग्न, तेही पंगतीसकट, एका इवल्याशा फाइलीत मावलं. एखाद्या गाण्याची फाइल याहून मोठी असते. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय. पेनड्राइव्हवर तिची कॉपी केली आणि पेनड्राइव्ह साखरेच्या डब्यात ठेवला. कोरडी जागा.

एर्किनला फोन करून सांगितलं. तो मांगिस्ताऊला तेलाच्या कामावर परत गेलाय. म्हणाला, बाबा, मूळ फाइली जपा हं. मी म्हणालो, तू तेल जप.

१० मे, सोमवार

इफेक्ट टाकले. आता प्रत्येक सलामानंतर चित्राची घडी होते, घडीचं फुलपाखरू होतं आणि ते उडून जातं. काम्शात चहा घेऊन आली, बघत उभी राहिली. म्हणाली, अहो, कासिम आजोबांना कुठे उडवलंत? आधीच त्यांचं दुखणं चालू आहे, बघितलं तर काय वाटेल त्यांना?

आजोबांचं फुलपाखरू काढलं. बाकीचे उडतील.

१३ मे, गुरुवार

एक्सपोर्ट, म्हणजे जोडलेल्या तुकड्यांची सलग फिल्म काढणं, सुरू. सकाळी लावलं. ४ टक्के.

जेवणाआधी ३१.

दुपारी ७०. घरात सगळ्यांना पाय न वाजवता चालायला सांगितलंय.

९८ टक्के. आणि खटकन अंधार. काम्शातने इस्त्री लावली, त्यात पाणी उकळायला किटली, फ्यूज उडाला. मी फार बोललो नाही. एवढंच म्हणालो, की अशा घरात कला कशी वाढणार. ती म्हणाली, कलेने सुरकुतलेला शर्ट घालून व्याह्यांकडे जायचं असेल तर तसं सांगा.

१४ मे, शुक्रवार

पुन्हा लावलं. इस्त्री कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. ९८ टक्क्यांवर थांबलं. वीज आहे, फ्यूज आहे, सगळं आहे. तरी थांबलं. पाटी आली, डिस्कवर जागा नाही.

सॉफ्टवेअरची चूक. एवढ्या लहानशा फाइलीला एवढी जागा लागतेच कशाला?

जागेसाठी कॉम्प्युटरवरचे फोटो, गाणी आणि काम्शातचे शिवणकामाचे नमुने काढून टाकले. नमुन्यांचं तिला सांगितलेलं नाही.

१८ मे, मंगळवार

डीव्हीडी तयार! चाचणीची पहिली प्रत. घरच्या टीव्हीवर लावली.

चित्र आहे, आवाज आहे, फुलपाखरं आहेत. सगळी माणसं जरा रुंद दिसतात. काम्शात म्हणाली, हे काय, सगळ्यांना दोन्ही बाजूंनी धरून ओढलंय का? मी म्हणालो, लग्नात माणसं खातात, फुगतात. मार्झान तोंडावर हात ठेवून हसली आणि चहाचं निमित्त करून उठून गेली.

या पोरीचं एक बरं आहे, रीत पाळते. सासरच्या मोठ्यांची नावं घेत नाही, प्रत्येकाला आपलं एकेक टोपणनाव ठेवलंय तिने. माझ्या बहिणीला, कुल्याश आपाला, मोठ्या अंगणातल्या आई म्हणते. माझं काय ठेवलं, असं काम्शातने विचारलं, तर सांगत नाही. काहीतरी सिनेमासंबंधी असणार.

पाहता पाहता एक बारीक गोष्ट लक्षात आली. गायकाने माझं नाव घेतलं तेव्हा पडद्यावर मार्झान काम्शातला वाकत होती. मी म्हणालो, अगं, माझ्या नावाचा सलाम तू घेतलास. ती म्हणाली, या घरात तुमच्या नावाचं सगळं मीच घेते, त्यात नवीन काय?

आणि त्याच वेळी मागून कुणीतरी ओरडतंय. फार घाणेरडा आवाज. पाहुण्यांना शूटिंगची शिस्त नाही. काम्शातला विचारलं, कोण गं हा? ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, असेल कुणीतरी ओळखीचा.

तरी एकंदरीत यश. ही प्रत उद्या आपाकडे पाठवतो. मोठी बहीण, पहिला मान तिचा.

२० मे, गुरुवार

आपाचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट सुरुवात. सेइल्खान, अरे मेल्या, मी तुला अंगाखांद्यावर खेळवलं ते यासाठी? तुझ्या पोराच्या लग्नात माझं नाव घेतल्यावर सून वाकते कुणाला, तर त्या झाउरेशला!

झाउरेश म्हणजे आमची चुलत वहिनी. तिच्यात आणि आपात एका मेंढीवरून बोलणं बंद आहे. मेंढी मेली, वाद जिवंत आहे.

मी म्हणालो, आपा, तो तांत्रिक भाग आहे. आवाज आणि चित्र यांच्यात जरासा फरक पडलाय. ती म्हणाली, जरासा? झाउरेशच्या नावाला तिचा नवरा वाकवून घेतोय, त्याच्या नावाला जनरेटर आणलेला माणूस! आमच्या सगळ्या गल्लीने बघितलं. झाउरेशने तर पुन्हा लावायला सांगितलं!

शिवाय म्हणे चित्र काळं-पांढरं. आपाकडे जुना टीव्ही आहे. हे खरं, की एक्सपोर्ट करताना दोन पद्धती होत्या, एक आपल्याकडची आणि एक अमेरिकेची. मी अमेरिकेची निवडली. सिनेमा शेवटी त्यांचाच. आपाच्या टीव्हीला ती झेपली नाही, त्याला मी काय करू? मी म्हणालो, काळ्या-पांढऱ्यात एक वेगळी खोली असते. तिने फोन ठेवला.

२१ मे, शुक्रवार

मनावर घ्यायचं नाही. चित्र एक माणूस पुढे पळतंय, बस. जुळवून टाकू. पद्धतही आपल्याकडचीच निवडीन, नाहीतर आपा पुन्हा उभं करणार नाही.

आवाज ताणला. दोंब्रावाला रेडा ओरडल्यासारखा गायला लागला. उलट दाबून बघितला. मग तो लहान पोरासारखा गायला लागला आणि सलाम सगळे तिथेच.

२४ मे, सोमवार

नाइलाजाने रिनातला फोन. विचारायला नाही, सहज. त्याने सगळं ऐकून घेतलं, म्हणाला, काका, तुम्ही कुठेतरी चित्र कापलंय आणि त्याखालचा आवाज कापायचा राहिलाय. मी म्हणालो, मी काहीच कापलेलं नाही. एक खराब शॉट सोडून. तो म्हणाला, कुठला शॉट? मी म्हणालो, ज्यात सून कॅमेऱ्याला वाकते. त्याने मग विचारलं, काका, तेव्हा गायक कुणाचं नाव घेत होता? मी म्हणालो, मी चित्र बघणारा माणूस आहे, गाण्याकडे माझं लक्ष नसतं. तो म्हणाला, एकदा तेवढं ऐका.

धंद्यातली माणसं दुसऱ्याला पुढे जाऊ देत नाहीत. ऐकलं नाही.

२८ मे, शुक्रवार

स्वतःच मार्ग काढला. सगळा आवाज वेगळा काढून त्याची वेगळी फाइल केली, ‘आवाज’ नावाच्या फोल्डरमध्ये. आता आवाज एकीकडे, चित्र दुसरीकडे, आणि मी मध्ये. काम्शात म्हणाली, म्हणजे नवरा-बायकोचं भांडण झाल्यावर वेगळ्या खोलीत ठेवतात तसं? मी म्हणालो, तसंच. ती म्हणाली, त्याने कुणाचं जुळलंय?

आपाच्या अंगणात शेजारचा अस्कर जाऊन आला. सांगत होता, माझी डीव्हीडी तिने दोऱ्याने चेरीच्या झाडाला टांगलीय. उन्हात लखलखते, पाखरं जवळ येत नाहीत. चेरी यंदा भरपूर लागलीय म्हणाला.

म्हणजे वाया गेली नाही.

१ जून, मंगळवार

सलामांचं बाजूला ठेवून मेनूकडे वळलो. डीव्हीडी उघडल्याबरोबर जे दिसतं त्यावरच माणूस ठरवतो, की हे घरचं काम आहे की कसलेल्या हाताचं. ठरलं: स्तेपीच्या गवताळ माळावर सूर्योदय, चरणारे घोडे, त्यावर सोनेरी अक्षरं.

त्यासाठी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं. लग्न त्यात उगाच जागा अडवून बसलं होतं, आणि ते कॉम्प्युटरवर आहेच.

३ जून, गुरुवार

सूर्योदयाला उठता आलं नाही.

४ जून, शुक्रवार

आजही नाही. सूर्य फार लवकर उगवतो या दिवसांत.

५ जून, शनिवार

तोडगा सापडला. काल सूर्यास्त घेतला. सॉफ्टवेअरमध्ये उलटा फिरवायची सोय आहे. सूर्यास्त उलटा केला की सूर्योदय! सूर्य काय सुंदर वर येतो. घोडे मागे मागे चालतात, पण कुणाचं लक्ष जातंय? सगळे सूर्य बघतील.

विहीणबाईंचा फोन आला होता, काम्शातने घेतला. मोठा टीव्ही एका नातेवाइकाकडून आणून ठेवलाय म्हणे. शेजारणींना सांगून झालंय. रोज एकदा पुसतात. काम्शातने फोन ठेवल्यावर मला विचारलं, अहो, होईल ना? त्या बाईने लेकीचं तोंड बघायला एवढे दिवस काढलेत. मी म्हणालो, झालंच आहे. कुंपणाचा रंग आणला का? ती म्हणाली, तुम्ही आणणार होतात.

९ जून, बुधवार

मेनूसहित एक्सपोर्ट. पुन्हा तीच पाटी, जागा नाही. आता काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग सापडलं! एका फोल्डरमध्ये कॅमेऱ्यातून आलेल्या मूळ फाइली पडल्या होत्या, डोंगराएवढ्या. लग्न प्रोजेक्टमध्ये व्यवस्थित मावलेलं असताना हा कचरा कशाला? सगळा काढला. कचरापेटीही रिकामी केली, अर्धवट काम मला आवडत नाही. ‘आवाज’ फोल्डर मात्र ठेवला. आवाजाच्या बाबतीत मी सावध असतो.

आता जागाच जागा.

१० जून, गुरुवार

आज प्रोजेक्ट उघडला तर चित्रांच्या जागी सगळीकडे लाल पट्ट्या. आधी थोडा गोंधळलो. मग विचार केला: मशीन मेमरी वाचवतंय. काम करताना नुसत्या पट्ट्या दाखवायच्या, खरं चित्र एक्सपोर्टला काढायचं. आमच्याकडेही तालमीत पडदा बंद ठेवायचे.

लाल पट्ट्यांवर काम करणं सोपं जातं. चित्र नसलं की डोकं शांत राहतं. आवाजही मूळ होता तसा, अख्खा, सुरुवातीपासून लावून टाकला. एवढे दिवस उगाच ओढाताण केली.

१२ जून, शनिवार

एक्सपोर्ट! इस्त्री चालू, किटली चालू, बाजूला मार्झान पीठ मळायचं यंत्र चालवतेय, आणि काम किती वेळात झालं? चहाचा पेला संपायच्या आत! ज्या कामाला पूर्वी दिवस जात होता! काम्शातला दाखवलं. म्हणालो, बघ, मशीनला माझ्या हाताची सवय झाली. ती म्हणाली, एवढं लवकर कसं? मी म्हणालो, अनुभव.

टीव्हीवर मेनू तपासला. सूर्य, सोनेरी अक्षरं, घोडे. पुढे बटण दाबलं तेवढ्यात दारात आपा आली, चेरीची बादली घेऊन. म्हणजे राग गेला. मी उठून पुढे गेलो. आतल्या खोलीतून दोंब्रा स्वच्छ ऐकू येत होता. आपा कान देऊन म्हणाली, आता बरोबर आलंय का रे माझं नाव? मी म्हणालो, आपा, आता कुणी कुणाच्या नावावर वाकत नाही. ती खूश झाली.

मार्झान दुपारी म्हणाली, बाबा, एकदा पूर्ण बघूया का? तिची आपली हौस. मी म्हणालो, बाळ, आईबरोबरच बघ, मजा जाईल. ती मान हलवून गेली.

१४ जून, सोमवार

प्रती काढल्या. दोन्हीकडच्या पाहुण्यांना पुरतील इतक्या. प्रत्येकीवर मार्झानचा फोटो आणि खाली छायाचित्रण, संकलन, दिग्दर्शन, निर्मिती: सेइल्खान. अक्षरं जरा मोठी झाली, फोटो लहान करावा लागला.

१७ जून, गुरुवार

बांधाबांध. चेरीचा मुरंबा, विहीणबाईंना चपानाचा अंगरखा, व्याह्यांना टोपी. काम्शात म्हणाली, बाकी सगळं विसरलं तरी चालेल, ती डीव्हीडी विसरू नका. ती असं पहिल्यांदाच म्हणाली. लिहून ठेवतो.

कॅमेराही घेतला. विहीणबाई बघताना त्यांचा चेहरा टिपणार. ते दुसऱ्या भागात.

एर्किन थेट मांगिस्ताऊहून तिकडे येतोय.

२० जून, रविवार. किझिलोर्दा

गच्चीवर बसून लिहितोय. खाली भांडी वाजतायत, हसणं चाललंय. क्रमाने लिहावं.

स्वागत झालं, जेवण झालं, चहा झाला. मोठा टीव्ही भिंतीला लावला होता, त्यावर नक्षीचं कापड. शेजारणी आल्या होत्या. रौशान विहीणबाई सगळ्यांत पुढे, नवा रुमाल बांधून, हातात एक वेगळा रुमाल डोळ्यांसाठी. मार्झान त्यांच्या गुडघ्याला चिकटून. मी दोन शब्द बोललो. काम्शातने मागून कोट ओढल्यावर थांबलो. डीव्हीडी घातली.

सूर्य उगवला. ओराज व्याही पुढे झुकले, म्हणाले, व्याही, तुमच्याकडचे घोडे मागे चालतात का? माणूस घोड्यांतला आहे, मी लक्षात घेतलं नव्हतं.

बटण दाबलं. अंधार. दोंब्रा सुरू झाला. मी म्हणालो, आता नावं येतील. नावं आली नाहीत. गायक गायला लागला, पडदा काळा. एक शेजारीण म्हणाली, पदर आहे वाटतं. मी डीव्हीडी काढली, शर्टाला पुसली, परत घातली. घोडे मागे गेले. अंधार. दुसरी प्रत. घोडे, अंधार. तिसरी. मी म्हणालो, प्लेअर जुना आहे. शेजारून नवा आणला. त्याच्यावर घोडे आणखी स्पष्ट मागे गेले.

एर्किन जवळ आला, हळूच म्हणाला, बाबा, मूळ फाइली कुठे आहेत? मी म्हणालो, सगळं प्रोजेक्टमध्ये आहे. प्रोजेक्ट कुठे? साखरेच्या डब्यात. त्याने विचारलं, आणि कार्ड? मी घोड्यांकडे बोट दाखवलं. तो जमिनीवर बसला. मग मला लाल पट्ट्या आठवल्या आणि कळलं, प्रोजेक्टमध्ये नुसते फाइलींचे पत्ते होते, लग्न त्या कचऱ्यात गेलं.

कुणीतरी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. विहीणबाई हातातल्या कोरड्या रुमालाची घडी घालत बसल्या, मोडायची, परत घालायची. काम्शात म्हणाली, ताई, आमचं चुकलं. आमचं म्हणाली. मी म्हणालो, आवाज तेवढा स्वच्छ आहे. हे मी का म्हणालो ते माहीत नाही.

विहीणबाई म्हणाल्या, मग लावा. ऐकू तरी.

लावलं. काळा पडदा, सगळी खोली कान लावून. गायकाने कासिम आजोबांचं नाव घेतलं, सलाम. मग म्हणाला, अंधाऱ्या खोलीत बसून ज्याने गावाला उजेड दाखवला, तो सासरा सेइल्खान, सूनबाई, त्याला सलाम. आणि त्याच्यामागे, सगळ्या दोंब्र्यावर चढून, एक आवाज: अगं ए पोरी, कॅमेऱ्यात काय बघतेस? मी इथे नाहीच असं समज!

तो आवाज खोलीतल्या सगळ्यांनी ओळखला. मी शेवटी ओळखला.

आधी ओराज व्याही हसले, मग शेजारणी, मग काम्शातसुद्धा, डोळ्यांना पदर लावून. मला हसता आलं नाही. पोरगी लेन्सला वाकलीच नव्हती.

तेवढ्यात मार्झान उठली. आईच्या खांद्यावरची ओढणी काढली, स्वतःच्या तोंडावर घेतली आणि म्हणाली, आई, बघ, असं झालं. एर्किन, पहिल्यापासून लाव. गायक परत सुरू झाला. ती मध्ये उभी. कासिम आजोबा समजून कपाटाला वाकली. विहीणबाई हसत पण होत्या आणि रडत पण होत्या.

मग माझं नाव आलं. सवयीने माझा कॅमेरा डोळ्याला. विहीणबाई म्हणाल्या, व्याही, ठेवा ते. कपाटावर ठेवला. आणि ओढणीआडून मार्झान म्हणाली, कॅमेऱ्यामागचे बाबा, पुढे या. म्हणजे हे नाव ठेवलंय तिने माझं.

पुढे गेलो. ती वाकली. अशा वेळी सासऱ्याने आशीर्वाद द्यायचा असतो, चांगला लांब, भरजरी. लग्नालग्नांतून मी किती ऐकलेत. एक आठवेल तर शपथ. मी म्हणालो, बस बाळ, बस, पुरे. तेवढ्यात टीव्हीतून माझाच आवाज ओरडला, मी इथे नाहीच असं समज. या वेळी कुणी हसलं नाही. मीच हसलो, आणि मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. काम्शातने रुमाल दिला. विहीणबाईंचा, मघाशी घडी घालत होत्या तो.

शेवटी गायकाने पदर काढायचा म्हटलं तेव्हा तो विहीणबाईंनी स्वतःच्या हाताने बाजूला केला. बराच वेळ लेकीच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

२२ जून, मंगळवार. परतीची गाडी

मार्झान आणि एर्किन माहेरी राहिलेत, पुढच्या आठवड्यात येतील. आम्ही दोघंच. काम्शात खिडकीपाशी कुर्त, सुकवलेल्या दह्याची गोळी, चघळतेय.

आत्ताच एक शोध लागला. परवा कॅमेरा कपाटावर ठेवला तेव्हा बंद करायचा राहिला होता. सगळं रेकॉर्ड झालंय! गायक, विहीणबाईंचं हसणं, कॅमेऱ्यामागचे बाबा पुढे या, सगळं, अगदी स्वच्छ. चित्रात माझी पाठ आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझी पाठ. फोकस कोटाच्या शिवणीवर. सूनबाई त्या कोटापलीकडे कुठेतरी वाकतेय, तिचा चेहरा एकदाही दिसत नाही.

मांडणी चुकलीय. पण या शॉटमध्ये मी आहे. हा कापायचा नाही.

काम्शातला दाखवलं. तिने पूर्ण बघितलं. मी म्हणालो, मेनू तयारच आहे, फक्त घोडे सरळ करायचे, आठवड्याभरात होईल. तिने हात पुढे केला. मी कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. तिने ते रुमालात बांधलं, गाठ मारली आणि रुमाल कनवटीला खोचला.